पडद्याआडचा गृहस्थ पडद्यापुढें येतो तेव्हां

ज्याला गातां येत नाहीं, कोणतेंहि वाद्य धड वाजवितां येत नाहीं, आणि ज्याला साधा तालहि राखतां येत नसे असें त्याच्याच ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्यानें पुढें सांगितलें, अशा एका गृहस्थानें वयाच्या सदतिसाव्या वर्षीं स्वतःच्या नांवावर गाण्याची तबकडी काढावी, आणि ती विलायतेंतील पहिल्या दहा लोकप्रिय तबकड्यांत जाऊन बसावी, ही गोष्ट कोणी सांगितली तर ऐकणारा ती थट्टाच समजेल. परंतु ही थट्टा नव्हे. ही गोष्ट १९८२ सालीं घडली, आणि त्या गृहस्थाचें नांव माल्कम मॅक्लारेन. त्यापूर्वीं सहासात वर्षें तो रॉक संगीताच्या मंडळ्यांचा व्यवस्थापक, म्हणजे ज्यास तिकडे मॅनेजर म्हणतात तो, होता. रॉक संगीत आमच्या तरुण वाचकांस आमच्याहून अधिक परिचित आहे, तेव्हां त्याची ओळख करून देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पालकमंडळींपैकीं ज्यांस तो केवळ गोंगाट वाटतो त्यांस इतकीच विनंति, कीं तो गोंगाट घटकाभर बाजूस ठेवून त्यामागचा मनुष्यव्यवहार पाहावा. नाटकमंडळी असो, तमाशाचा फड असो कीं रॉकचा बँड असो, पडद्यामागचा व्यवहार सर्वत्र थोडाबहुत सारखाच असतो.

मॅनेजरचें काम तें काय? गाणारा गातो, वाजविणारा वाजवितो. परंतु तबकड्या काढणाऱ्या कंपनीशीं करार कोणीं करावयाचा, आगाऊ रक्कम किती मागावयाची, नाट्यगृह कोणतें ठरवावयाचें, गाडीभाडें कोणाच्या खातीं घालावयाचें, वर्तमानपत्रकारांस काय सांगावयाचें आणि काय झांकावयाचें, दोन वादकांचें भांडण रात्रीच्या प्रयोगापूर्वीं कसें मिटवावयाचें, ही सगळी उस्तवार त्याच्याकडे. मोबदला म्हणून मिळकतींतील ठराविक हिस्सा त्यास मिळतो. टाळ्यांतला हिस्सा मात्र मिळत नाहीं, आणि बहुतेकांस त्याची खंतहि नसते. बीटल्स ह्या जगद्विख्यात मंडळीचा मॅनेजर ब्रायन एपस्टीन यानें तरुणपणीं लंडनच्या नाट्यशिक्षणसंस्थेंत नांव घातलें होतें व अभ्यासक्रम अर्धा टाकून तो घरीं परतला होता. पुढें चार पोरांस नीटनेटके सूट चढवून रंगमंचावर पाठविण्यांतच त्यानें समाधान मानलें. मॅक्लारेन ह्या जातीचा नव्हता.

त्याचा जन्म २२ जानेवारी १९४६ रोजीं उत्तर लंडनमध्यें झाला. बाप लहानपणींच घर सोडून गेला, आणि मुलगा वाढला तो आजीच्या छायेंत. ही आजी मोठी विलक्षण बाई. नातवानें शिस्तींत राहावें यापेक्षां चारचौघांत उठून दिसावें, मग तें खोड्या काढून कां होईना, अशी तिची हौस. आणि तिनें पाजलेलें हें बाळकडू त्याला जन्मभर पुरलें. शाळा त्यास मानवली नाहीं. पुढें एकामागून एक चित्रकलेच्या शाळा त्यानें पालथ्या घातल्या, आणि १९७१ सालीं शेवटचें कॉलेज पदवी न घेतांच सोडून व्हिव्हियन वेस्टवुड ह्या प्राथमिक शाळेंतील शिक्षिकेच्या जोडीनें लंडनच्या किंग्ज रोडवर, ४३० क्रमांकाच्या जागेंत, कपड्यांचें दुकान थाटलें. ह्याच बाई पुढें वेषभूषेच्या शास्त्रांत जगप्रसिद्ध झाल्या. दुकानाची पाटी दर दोनतीन वर्षांनीं बदलत असे, आणि पाटी बदलली कीं आंतला मालहि बदले. त्यांतली एक पाटी शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगी नाहीं, म्हणून ती आम्ही गाळतों.

दुकानदाराची नजर त्याच्या अंगीं पक्की मुरलेली होती. माणूस पाहिला कीं त्याला कोणता पोशाख शोभेल हें त्यास प्रथम दिसे. तो माणूस आंतून कसा आहे हें मागाहून दिसे, किंवा दिसतहि नसे. १९७५ च्या आरंभीं न्यूयॉर्कमधील न्यूयॉर्क डॉल्स नांवाच्या मोडकळीस आलेल्या बँडची व्यवस्था कांहीं दिवस त्याच्याकडे आली. त्यानें त्या मंडळीस नखशिखांत तांबड्या चामड्याचे कपडे चढविले, पाठीमागें साम्यवाद्यांचें लाल निशाण लाविलें आणि अमेरिकन प्रेक्षकांस डिवचून पाहिलें. कांहीं महिन्यांतच तो बँड मोडला. परंतु लोकांस डिवचलें म्हणजे वर्तमानपत्रें आपण होऊन धांवत येतात, हा धडा घेऊन तो लंडनला परतला.

तेथें त्याच्या दुकानांत नित्य घुटमळणाऱ्या पोरांची एक मंडळी जमत होती. त्यांतला एकजण दुकानांतच कामाला होता. गायक तेवढा हवा होता. हिरवे केस केलेला जॉन लायडन नांवाचा एक मुलगा सांपडला, तेव्हां त्याची परीक्षा दुकानांतल्या ज्यूकबॉक्ससमोर उभें करून घेण्यांत आली. यंत्रानें गावें आणि पोरानें त्याबरोबर ओरडावें. त्याला गातां येत नव्हतें, पण लोकांपुढें उभें राहतां येत होतें, आणि मॅक्लारेनला तेवढेंच पाहिजे होतें. हीच पुढें गाजलेली 'पिस्टल्स' मंडळी. तिच्या नांवाचा पहिला शब्द त्या दुकानाच्या पाटीवरून घेतलेला असल्यानें तोहि आम्ही गाळतों.

ह्यापुढें जें घडलें तें एखाद्या फार्साप्रमाणें आहे. ऑक्टोबर १९७६ मध्यें ई. एम. आय. ह्या मातबर कंपनीनें ह्या पोरांशीं ४०,००० पौंडांचा करार केला. १ डिसेंबर रोजीं दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या वेळीं, घरोघरीं मुलेंबाळें चहा घेत बसलीं असतां, त्यांनीं शिव्यांची लाखोली वाहिली. जानेवारींत कंपनीनें करार मोडला; पैसे मात्र बँडकडेच राहिले. १० मार्च १९७७ रोजीं राजवाड्याच्या दारासमोर रस्त्यांत टेबल मांडून ए. अँड एम. ह्या दुसऱ्या कंपनीच्या करारावर सह्या झाल्या. सहाच दिवसांत त्या कंपनीसहि पश्चात्ताप झाला, आणि तिच्याकडूनहि पैसे मिळाले ते मिळालेच. मे महिन्यांत व्हर्जिन ही तिसरी कंपनी पुढें आली. जूनमध्यें राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव देशभर चालू असतां, थेम्स नदींत एक नाव भाड्यानें घेऊन तिच्यावर ह्या मंडळीनें राणीचा उपहास करणारें आपलें गाणें चढ्या आवाजांत म्हटलें. नाव किनाऱ्यास लागतांच पोलिसांनीं कित्येकांस पकडलें, त्यांत मॅक्लारेनहि होता. गाण्याचें प्रक्षेपण करण्यास बी. बी. सी. नें मनाई केली, आणि ती तबकडी खपांत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन पोंचली.

हा सगळा पराक्रम वाचून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस हंसूं येईल. आम्हांसहि येतें, तें आम्ही नाकारीत नाहीं. मोठमोठ्या कंपन्यांस एका कपडेवाल्यानें असें नाचवावें, यांत गंमत आहेच. परंतु हा तमाशा चालूं असतांना त्यांत जीं मुलें उभीं होतीं त्यांचें काय झालें, तें हंसून झाल्यावर पाहावें. १४ जानेवारी १९७८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें त्या मंडळीचा शेवटचा प्रयोग झाला आणि ती फुटली. तिच्यांतील सिड व्हिशस हा पोरगा २ फेब्रुवारी १९७९ रोजीं न्यूयॉर्क येथें मादक द्रव्याच्या अतिसेवनानें मेला. त्याचें वय एकवीस वर्षें होतें. लायडननें पैशाच्या हिशेबासाठीं मॅनेजरला न्यायालयांत खेंचलें. तो तंटा १९८६ सालापर्यंत चालला, आणि अखेर मंडळीचें सर्व स्वामित्व वादकांकडे व मृत सिडच्या वारसाकडे आलें. मॅक्लारेनच्या हातीं कांहीं राहिलें नाहीं.

दरम्यान त्यानें काय करावें? त्या मंडळीवर काढलेल्या चित्रपटांत, जो १९८० सालीं प्रसिद्ध झाला, त्यानें स्वतःच मुख्य काम केलें. काम कोणाचें, तर सर्वांस ठकविणाऱ्या धूर्त मॅनेजरचें. जणूं पोरांनीं कांहीं केलेंच नाहीं, सर्व रचना आपली, अशी फुशारकी तो पडद्यावर मारतो, आणि मध्येंच एक जुनें लोकप्रिय गाणें आपल्या बेसूर आवाजांत म्हणूनहि दाखवितो. मॅनेजर प्रथमच उघडपणें पडद्यापुढें आला तो असा. ती फुशारकी किती खरी होती, हें पुढें त्या तंट्याच्या शेवटीं दिसलेंच.

त्यानंतरची हकीकत आणखी बोलकी आहे. ॲडम अँट नांवाचा एक होतकरू गायक सल्ला मागण्यास त्याच्याकडे आला आणि सल्ल्यादाखल त्यानें १,००० पौंड मोजले. मॅक्लारेननें सल्ला दिला, चार जुन्यानव्या चाली ऐकविल्या, आणि थोड्याच दिवसांत त्याचे सगळे वादक फोडून त्यांचा बो वाव वाव नांवाचा निराळा बँड उभा केला. गायिका म्हणून ब्रह्मदेशांत जन्मलेली ॲनाबेला ल्विन ही तेराचौदा वर्षांची मुलगी निवडली. आणि एका तबकडीच्या वेष्टनासाठीं तिचें जें छायाचित्र काढविलें, त्यावरून तिच्या आईस पोलिसांकडे धांव घ्यावी लागली. पालकांनीं आपल्या मुलांचीं नांवें कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं ही एक ओळ ध्यानांत ठेवावी. इकडे ज्याचे वादक पळविले त्या ॲडमनें रडत न बसतां नवीन साथीदार जमविले, आणि १९८१ सालीं त्याचा संग्रह साऱ्या ब्रिटनमध्यें सर्वांत अधिक खपला. हजार पौंडांचा सल्ला अगदींच फुकट गेला नाहीं म्हणावयाचा!

येथें थोडें स्वतःविषयीं लिहिल्यास वाचक क्षमा करतील. शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. पडदा, दिवे, भाड्यानें आणलेले पोशाख, ऐन वेळीं हरवणारी तलवार, आणि विंगेंत उभें राहून भाषणें पुरविणें, हें आमचें खातें. एका वर्षीं सेनापतीचें काम करणाऱ्या मुलास प्रयोगाच्या दिवशींच ताप भरला. भाषणें पाठ असलेला दुसरा कोणी नव्हता, म्हणून मिशा चिकटवून आम्हांसच उभें राहावें लागलें. भाषणें सगळीं आलीं. परंतु ज्या क्षणीं शत्रूवर नजर रोखून गर्जना करावयाची, नेमकें त्याच क्षणीं आम्हांस दिसलें कीं डावीकडचा दिवा मंदावला आहे, एका मावळ्याची पगडी उलटी बसली आहे, आणि पडदा ओढणारा मुलगा नाटक पाहण्यांत गुंग होऊन दोरी सोडून पुढें आला आहे. आम्हीं गर्जना केली आणि त्याच दमांत त्या पगडीकडे बोटहि केलें. प्रेक्षकांस तें नाटकांतलेंच वाटलें व त्यांनीं टाळ्या दिल्या. त्या रात्रीं आम्हांस कळून चुकलें कीं व्यवस्था पाहणारा मनुष्य रंगभूमीवर गेला म्हणून नट होत नाहीं. तो तेथेंहि व्यवस्थाच पाहतो. आणि प्रेक्षकांस कधीं कधीं तीच आवडते!

आमच्या रंगभूमीस ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. १८४३ सालीं सांगली येथें विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला, त्या परंपरेंत सूत्रधार पडद्याआड लपत नसे. झांजा-मृदंगाच्या साथींत तोच सगळीं पदें म्हणे, पात्रांस तोच बोलावी, आणि पात्रें आपापलीं भाषणें करून निघून जात. मॅक्लारेनला भावे ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु तो ज्या जागेच्या शोधांत होता ती हीच जागा.

ती त्यास न्यूयॉर्कमध्यें सांपडली. १९८१ च्या सुमारास तेथील गरीब निग्रो व पोर्टोरिकन वस्त्यांत एक नवीनच संगीत उदयास येत होतें. रस्त्यावर ध्वनिवर्धक मांडावयाचे, दोन तबकड्या फिरत्या ठेवावयाच्या, त्यांतील एक सुईखालीं हातानें मागेंपुढें घासून खर्‌खर् असा ताल काढावयाचा, आणि त्या तालावर एकानें भराभर बोलावयाचें. पोरांनीं जमिनीवर पाठीवर गिरक्या घेत नाचावयाचें. हेंच पुढें हिप्-हॉप म्हणून जगभर पसरलें. मॅक्लारेननें तें पाहिलें आणि त्याच्या दुकानदारी नजरेस माल ओळखूं आला. त्याच सुमारास अमेरिकेंतील डोंगराळ मुलुखाच्या चौकोनी समूहनृत्याकडेहि त्याचें लक्ष गेलें. त्या नृत्यांत एक मनुष्य न नाचतां न गातां बाजूस उभा राहून, आतां हात धरा, आतां फिरा, आतां जोडी बदला, अशा आज्ञा तालांत पुकारीत असतो. हें काम मॅनेजरशिवाय दुसऱ्या कोणाचें असणार? न्यूयॉर्कच्या तबकड्या घासण्याची कला आणि खेड्यांतला हा पुकारा यांची गांठ मारून 'बफेलो गॅल्स' नांवाचें गाणें तयार झालें. त्यांत मॅक्लारेन गात नाहीं, आज्ञा करतो. सदतिसाव्या वर्षीं काढलेली तबकडी म्हणून आरंभीं सांगितली ती हीच. ती ब्रिटनमध्यें नवव्या क्रमांकावर गेली. तिच्याबरोबरच्या चित्रफितींत रॉक स्टेडी क्रू ह्या संघाचीं पोरें गिरक्या घेतांना दिसलीं, आणि त्या देशांतील असंख्य मुलांनीं तबकडी अशी घासतात व पाठीवर असें फिरतात हें प्रथम तेथेंच पाहिलें.

हें घडवून आणणारा निर्माता ट्रेव्हर हॉर्न याची दोन शब्दांत ओळख करून दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तो १९७९ सालीं बगल्स ह्या जोडीचा गायक म्हणून ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर पोंचला होता. १९८० सालीं येस ह्या नामांकित बँडचा मुख्य गायकहि झाला होता. आणि तें सर्व सोडून तो ध्वनिमुद्रणाच्या खोलींत काचेमागें जाऊन बसला. एक उत्तम गायक पडद्याआड गेला आणि ज्यास ताल धरतां येत नाहीं असा एक मॅनेजर पडद्यापुढें आला, आणि दोघांची भेट मध्येंच झाली! हॉर्नच्या हाताखालीं स्वरयोजना करणाऱ्या ॲन डडली ह्या बाईंचें नांव त्या गाण्याच्या कर्त्यांत छापलें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल. ह्याच बाईंनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १९८३ सालीं आर्ट ऑफ नॉइज ही स्वतःची मंडळी काढली, आणि १९९८ सालीं चित्रपटसंगीतासाठीं बाईंस ऑस्कर पारितोषिक मिळालें.

१९८३ सालीं मॅक्लारेनच्या नांवानें 'डक रॉक' हा संपूर्ण संग्रह निघाला. त्यासाठीं तो व हॉर्न न्यूयॉर्क, टेनेसी, दक्षिण आफ्रिका असे हिंडले आणि जेथें जें आवडलें तें ध्वनिमुद्रित करून आणलें. ह्या संग्रहावर नांव एकाचें आणि आवाज शंभरांचे. आम्हांस तो आवडतो, हें प्रथमच सांगून टाकतों. त्यांत एक प्रकारची जत्रा आहे. एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर जावें तसें मन जातें, आणि मध्येंमध्यें त्या हौशी म्होरक्याचा पातळ आवाज पुढें चला, पुढें चला म्हणत असतो.

पुढील पंचवीस वर्षांचा हिशेब थोडक्यांत उरकतों. १९८४ सालीं त्यानें इटालियन पंडित पुच्चिनीच्या संगीतनाटकांतील पदें नव्या तालावर बसविलीं, आणि तेंहि लोकांनीं घेतलें. १९८९ सालीं वॉल्ट्झवर एक संग्रह केला, १९९४ सालीं पॅरिस शहरावर. १९८९ मध्येंच ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीसाठीं यानी ह्या संगीतकाराबरोबर त्यानें देलीब ह्या फ्रेंच रचनाकाराच्या 'लाक्मे' ह्या १८८३ च्या संगीतनाटकांतील दोन स्त्रियांचें फुलांचें गाणें नव्यानें बसविलें. त्या नाटकाचें कथानक हिंदुस्थानांतलें, लाक्मे ही एका ब्राह्मण पुरोहिताची कन्या, आणि तिचें नांव म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. टाटांनीं १९५२ सालीं सुरू केलेल्या प्रसाधनांच्या कंपनीस तेंच नांव दिलें, म्हणून आमच्या वाचकभगिनींस तें अपरिचित नाहीं. मॅक्लारेन ८ एप्रिल २०१० रोजीं स्वित्झर्लंडमध्यें कर्करोगानें वारला. वय चौसष्ट होतें. लंडनच्या हायगेट दफनभूमींत त्यास पुरलें.

परंतु 'डक रॉक' मधील एक गाणें आम्हीं मुद्दाम मागें ठेविलें आहे, कारण ह्या मनुष्याची पारख करावयाची तर ती त्याच गाण्यावर करावी असें आम्हांस वाटतें. त्या गाण्याचें नांव 'डबल डच', आणि तें १९८३ सालीं ब्रिटनमध्यें तिसऱ्या क्रमांकावर पोंचलें. विषय दोरीवरच्या उड्यांचा आहे. आपल्याकडे मुली एका दोरीवर उड्या मारतात. डबल डच खेळांत दोन लांब दोर असतात. दोन मुली दोन टोंकांस उभ्या राहून ते एकमेकांच्या उलट दिशांनीं फिरवितात, आणि तिसरी मुलगी, किंवा दोघीहि, त्या फिरत्या दोरांच्या जाळ्यांत शिरून उड्या मारतात. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतील हा खेळ १९७३ सालीं दोन पोलिस अधिकाऱ्यांनीं नियम घालून शाळांच्या सामन्यांत आणला, आणि पुढल्याच वर्षीं पहिला सामना झाला. प्रेक्षक उडी मारणारीकडे पाहतात. दोर फिरविणारीचा हात एक निमिष चुकला तर उडी मारणारी तोंडघशीं पडते, हें ज्यानें स्वतः दोर फिरविला आहे त्यालाच कळतें.

हा विषय त्यास कसा सुचला असेल याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. तो स्वतः जन्मभर दोर फिरविणारांपैकींच. गाण्यांत तो न्यूयॉर्कच्या दोरीवाल्या मुलींच्या संघांस नांवानें पुकारतो, एबोनेट्स आदिकरून. पोरींचें कौतुक करावें तर असें करावें. आणि हें कौतुक ज्या चालीवर चालतें ती चाल न्यूयॉर्कची नाहीं, लंडनचीहि नाहीं; ती जोहान्सबर्गजवळच्या काळ्या वस्त्यांतील म्बाकांगा नांवाच्या उड्या मारायला लावणाऱ्या संगीताची आहे. बोयोयो बॉईज ह्या तेथील बँडनें 'पुलेंग' नांवाचें एक गाणें आधींच काढलें होतें, आणि दोन्ही ज्यानें ऐकलीं त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. तबकडीवर कर्ते म्हणून छापलें होतें हॉर्न आणि मॅक्लारेन.

त्या काळीं दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचें राज्य होतें. काळ्या मनुष्यास स्वतःच्या देशांत मतदानाचा हक्क नव्हता. मग लंडनच्या तबकडीवर आपलें नांव असावें हा हक्क तो कोणाकडे मागणार? तरीहि प्रकरण इंग्लंडमध्यें कायद्यापर्यंत गेलें. पुष्कळ दिवस तें चाललें आणि शेवटीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली. गीतकार पेत्रुस मानेली व प्रकाशक गॅलो कंपनी यांस पैसे मिळाले.

कोणी म्हणेल, मॅक्लारेन तेथें गेला नसता तर ती चाल आम्हीं ऐकलीच नसती. त्यानें ती जगापुढें आणली हें काय थोडें? हें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तें खरेंच आहे. चांगली वस्तु ओळखणें ही सुद्धां एक विद्या आहे, आणि ती त्याच्यापाशीं होती. परंतु वस्तु आणून मांडणें आणि तिच्यावर आपली पाटी लावणें ह्या दोन कृति एकच नव्हेत, आणि दुसरी केल्यावांचून पहिली करतां येत नाहीं असेंहि नाहीं. १९८६ सालीं पॉल सायमन ह्या अमेरिकन गायकानें त्याच बोयोयो बॉईजची 'गमबूट्स' ही चाल आपल्या 'ग्रेसलँड' संग्रहांत घेतली, आणि कर्त्यांच्या जागीं आपल्या नांवाबरोबर दोन आफ्रिकी संगीतकारांचीं नांवें छापलीं. त्या संग्रहाबद्दलहि पुढें वाद झाले, ते निराळे. पण नांवें छापण्यास शाई पुरली. मॅक्लारेनच्याच तबकडीवर ॲन डडलीबाईंचें नांव छापण्यासहि ती पुरली होती.

'डबल डच' च्या तबकडीवर मात्र तडजोडीनंतरहि कर्त्यांच्या जागीं हॉर्न व मॅक्लारेन हीं दोनच नांवें कायम राहिलीं. गाणें लावावें तर आरंभापासून ती आफ्रिकेची चाल वाजूं लागते, आणि तिच्यावर दोरीवाल्या मुलींच्या संघांचीं नांवें एकामागून एक अगदीं स्वच्छ ऐकूं येतात.